रिझॉल्व्हर, चलित्र नियंत्रणातील

फिरत्या दंडाचा कोन दोन प्रत्यावर्ती विद्युत् दाबांच्या गुणोत्तरातून दर्शविणारे विद्युत् चुंबकीय साधन. रचनेच्या दृष्टीने हे एक लहानसे रोहित्रच असून त्याची एक बाजू स्थिर व दुसरी फिरती असते. एखाद्या सदिशाचे परस्परांशी काटकोनात असलेले दोन घटक अलग करून देणारे साधन, या अर्थाने त्यास रिझॉल्व्हर असे नाव पडले. कायम चुंबकी समकालिक चलित्रात स्थाणुकाच्या गुंडाळ्यांतील प्रवाह घूर्णकाच्या तत्कालीन स्थितीशी सतत जुळवून घ्यावा लागतो. ही स्थिती अनेकदा रिझॉल्व्हरकडून मिळते व तिचे गणन सूक्ष्मनियंत्रक करतो. सूक्ष्मनियंत्रक म्हणजे गणक, स्मृती, कालमापक आणि विद्युत् दाबाचे अंकांत रूपांतर करणारे परिवर्तक एकाच सिलिकॉन चकतीवर सामावलेले साधन होय.

रिझॉल्व्हर स्वतः कोन ‘सांगत’ नाही. सूक्ष्मनियंत्रकाने त्यास उत्तेजन संकेत पुरवावयाचा, परत येणारे दोन संकेत योग्य क्षणी मोजावयाचे आणि त्यांवरून कोन काढावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून मिळालेल्या कोनाची सत्यता साधनाच्या घडणीइतकीच उत्तेजन व मोजणी यांच्या परस्पर कालसंबंधावर अवलंबून असते. हा संबंध बिघडल्यास कोन चुकतो, इतकेच नव्हे तर चलित्र अपेक्षेच्या उलट दिशेने जोर लावू शकते. विद्युत् वाहनात वा उद्वाहकात याचा अर्थ काय होतो, हे उघड आहे.

इतिहास : रिझॉल्व्हर हा सिंक्रो या जुन्या साधनकुलातील एक प्रकार आहे. १९१४ साली खुल्या झालेल्या पनामा कालव्यात जलपाशांचे दरवाजे व झडपा यांची स्थिती दूरच्या नियंत्रण मेजावर दाखविण्यासाठी या तत्त्वावरील दर्शके बसविण्यात आली होती. दुसऱ्या महायुद्धात तोफांचे नेम धरणाऱ्या व रडारच्या आकाशक फिरविणाऱ्या यंत्रणांत सिंक्रो व रिझॉल्व्हर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्या काळच्या सदृश गणकयंत्रांत रिझॉल्व्हरचा उपयोग त्रिकोणमितीय गणितासाठीही होत असे. विमानांतील ४०० हर्ट्झ कंप्रतेचा वीजपुरवठा हेच तेव्हा त्यांचे नेहमीचे उत्तेजन होते.

पुढे रिझॉल्व्हरच्या संकेतांचे अंकांत रूपांतर करणारी स्वतंत्र एकात्मिक मंडले तयार झाली. चलित्र नियंत्रणासाठी बनविलेल्या सूक्ष्मनियंत्रकांची गती वाढल्यावर हेच काम त्यांच्याकडूनही करून घेता येऊ लागले. संकरित वाहनांच्या प्रसाराबरोबर रिझॉल्व्हरचे उत्पादन फार वाढले. टोयोटा कंपनीच्या २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियस या मोटारगाडीतील चलित्रांवर रिझॉल्व्हरच बसविलेले होते.

रचना व कार्यतत्त्व : नेहमीच्या रिझॉल्व्हरमध्ये एक उत्तेजक गुंडाळी घूर्णकावर आणि दोन प्रदान गुंडाळ्या स्थाणुकावर असतात. प्रदान गुंडाळ्या परस्परांशी काटकोनात बसविलेल्या असतात. पूर्वी घूर्णकाला ब्रश व त्यांच्याखाली फिरणाऱ्या कड्यांमधून वीज पुरवीत. आता हे काम दंडाभोवतीच बसविलेल्या एका फिरत्या रोहित्राकडून होते, त्यामुळे झिजणारा भाग उरत नाही. चल चुंबकीय रोध या दुसऱ्या प्रकारात घूर्णकावर गुंडाळीच नसते. सर्व गुंडाळ्या स्थाणुकावर असतात आणि घूर्णक म्हणजे पोलादी पत्र्यांचा, कडेला ठरावीक उंचवटे असलेला एक चकतीवजा गठ्ठा असतो. तो फिरताना हवेची फट कमीजास्त होते व त्यानुसार चुंबकीय स्रोताची वाटणी बदलते. स्वस्त, पातळ व दणकट असल्यामुळे वाहनांत हा प्रकार पसंत केला जातो.

उत्तेजक गुंडाळीला दिलेल्या प्रत्यावर्ती दाबास वाहक तरंग म्हणतात. घूर्णकाचा कोन ‘अ’ असेल, तर एका प्रदान गुंडाळीतील दाबाचा परमप्रसर ज्या अ या राशीच्या व दुसरीतील दाबाचा परमप्रसर कोज्या अ या राशीच्या प्रमाणात असतो. दोन्ही दाबांची कंप्रता वाहकाचीच असते. घूर्णक फिरतो तसा फक्त त्यांचा आकार कमीजास्त होतो आणि ज्या वा कोज्या ऋण झाली की त्या दाबाची कला वाहकाच्या संदर्भात १८० अंशांनी उलटते.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पहिली अशी की, कोन दोन दाबांच्या गुणोत्तरातून निघतो. त्यामुळे उत्तेजनाचा दाब थोडा कमीजास्त झाला, तारा लांब झाल्या किंवा साधन तापले, तरी दोन्ही दाब सारख्याच प्रमाणात बदलतात व कोनावर परिणाम होत नाही. रिझॉल्व्हरच्या भरवशाचे मूळ येथे आहे. दुसरी गोष्ट अशी की, गुणोत्तरावरून कोनाचे मूल्य समजले, तरी तो वर्तुळाच्या कोणत्या चतुर्थांशात आहे हे दोन्ही दाबांच्या चिन्हांवरून ठरते आणि ती चिन्हे वाहकाशी तुलना केल्याशिवाय कळत नाहीत. परमप्रसर आपोआप भरवशाचा असतो. चिन्ह मात्र नियंत्रकाने काळजीपूर्वक सांभाळावे लागते.

काही रिझॉल्व्हर दंडाच्या एका फेऱ्यात कोनाची एकापेक्षा जास्त आवर्तने देतात. चलित्राच्या ध्रुवांच्या जोड्यांइतकीच आवर्तने देणारा रिझॉल्व्हर निवडल्यास त्याचा कोन हाच चलित्राचा विद्युत् कोन होतो. एकच आवर्तन देणाऱ्या रिझॉल्व्हरचा कोन ध्रुवांच्या जोड्यांच्या संख्येने गुणून घ्यावा लागतो, त्यामुळे त्यातील चूकही तितक्याच पटीने वाढते. ध्रुवांच्या चार जोड्या असलेल्या चलित्रात दंडाच्या १ अंशाची चूक ही ४ विद्युत् अंशांची चूक ठरते.

उत्तेजन संकेत : विद्युत् वाहनांत वापरल्या जाणाऱ्या अनेक रिझॉल्व्हरांसाठी ७ व्होल्ट (परिणामी मूल्य) व १० किलोहर्ट्झ हे उत्तेजन ठरविलेले असते आणि दाबांचे गुणोत्तर ०·२८६ असते. म्हणजे प्रदान दाब जास्तीत जास्त सुमारे २ व्होल्ट असतो. सर्वसाधारणपणे २ ते २० किलोहर्ट्झ या मर्यादेतील कंप्रता वापरतात. कंप्रता फार कमी घेतल्यास वेगाने फिरणाऱ्या घूर्णकाचा कोन पुरेशा वेळा मोजता येत नाही. ती फार वाढविल्यास तारांची धारिता व गुंडाळ्यांचा संरोध त्रास देऊ लागतात.

सूक्ष्मनियंत्रकाच्या सर्वसाधारण अंकीय पायांवर केवळ दोनच पातळ्यांचा दाब मिळू शकतो. त्यापासून ज्या-तरंग तयार करण्याची रूढ रीत म्हणजे स्पंदांची कंप्रता कायम ठेवून त्यांची रुंदी बदलत नेणे ही होय. १० किलोहर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनाचे १६ भाग केले, तर स्पंदांची कंप्रता १६० किलोहर्ट्झ होते. प्रत्येक भागात स्पंदाची रुंदी किती असावी, हे ज्या-मूल्यांच्या कोष्टकातून घेतात. कालमापक १५० मेगॅहर्ट्झवर चालत असल्यास एका स्पंदाच्या काळात सुमारे ९३७ गणना होतात आणि रुंदी तितक्या बारकाईने ठरविता येते. या स्पंदमालेतील नको असलेल्या कंप्रता १६० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वाहकापासून बऱ्याच दूर असतात. त्यामुळे साध्या गाळणी मंडलाने त्या काढून टाकता येतात. याउलट नुसता चौकोनी तरंग वापरल्यास त्यात वाहकाच्या तिप्पट कंप्रतेचा, एक-तृतीयांश परमप्रसराचा घटक असतो. तो गाळण्यास अधिक तीव्र गाळणी लागते आणि गाळणी जितकी तीव्र तितके तिच्यामुळे येणारे कलांतर जास्त.

गाळणीतून निघालेला संकेत क्षीण असतो. उत्तेजक गुंडाळीला काही दहा मिलीअँपिअर प्रवाह लागत असल्याने मध्ये शक्ति-विवर्धक घालावा लागतो. ७ व्होल्ट परिणामी मूल्य म्हणजे शिखरापासून शिखरापर्यंत जवळजवळ २० व्होल्ट होतात. वाहनाच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यातून एका विवर्धकास इतका दाब देता येत नाही. दोन विवर्धक परस्परविरुद्ध कलेने गुंडाळीच्या दोन टोकांना जोडल्यास गुंडाळीवरील दाब दुप्पट होतो. तरीही विवर्धकांत होणारा ऱ्हास वजा जाता ही मर्यादा अपुरी पडत असल्यास पुरवठ्याचा दाब वाढवून घेतात वा थोडे कमी उत्तेजन स्वीकारतात. कोन गुणोत्तरावर अवलंबून असल्याने असे करणे चालते, मात्र गोंगाटाच्या तुलनेत संकेत तितका दुबळा होतो.

आदान मंडल : परत येणारे दोन दाब शून्याच्या दोन्ही बाजूंना हेलकावे घेतात. सूक्ष्मनियंत्रकाच्या परिवर्तकास मात्र ० ते ३·३ व्होल्ट किंवा ० ते ५ व्होल्ट एवढाच धन दाब चालतो. म्हणून प्रत्येक गुंडाळीच्या दोन तारांतील दाबाचा फरक घेणारा भेद-विवर्धक वापरतात व त्याच्या प्रदानाचा मध्य परिवर्तकाच्या मर्यादेच्या मध्यावर, उदा., १·६५ व्होल्टवर, ठेवतात. वरील उदाहरणात प्रदान दाब शिखरापासून शिखरापर्यंत सुमारे ५·७ व्होल्ट असतो. ३·३ व्होल्टच्या मर्यादेत दोन्ही टोकांना थोडी मोकळीक ठेवून तो ३ व्होल्टवर आणावयाचा झाल्यास विवर्धकाचा गुणक सुमारे ०·५३ ठेवावा लागतो. ही मोकळीक सोडली नाही, तर तापमानाने वा उत्पादनातील फरकाने दाब किंचित वाढताच तरंगाची शिखरे कापली जातात आणि गुणोत्तराचे तत्त्वच मोडते, कारण मोठा दाब कापला जातो व लहान तसाच राहतो.

चलित्राला प्रवाह पुरविणारा इन्व्हर्टर दर सेकंदाला हजारो वेळा मोठे दाब जोडतो व तोडतो. त्याचा गोंगाट शेजारून जाणाऱ्या तारांत शिरतो. प्रत्येक गुंडाळीच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून घेतल्यास तो दोघींतही सारखाच येतो व फरक घेताना नाहीसा होतो. तारांवर धातूचे आवरणही घालतात. शिवाय दोन्ही तारांना मोठ्या रोधकांतून वेगवेगळ्या स्थिर पातळ्यांकडे ओढून ठेवण्याची प्रथा आहे. गुंडाळी जोडलेली असेपर्यंत या रोधकांचा परिणाम नगण्य असतो. तार तुटली की दाब मर्यादेच्या टोकाला जातो आणि दोष ताबडतोब लक्षात येतो.

नमुना घेण्याचा क्षण : परिवर्तक दाबाचा अखंड आलेख घेत नाही. ठरावीक क्षणी त्याचा नमुना घेऊन त्याचा अंक करतो. हा क्षण कोणता असावा, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. १० किलोहर्ट्झच्या वाहकाचे एक आवर्तन १०० मायक्रोसेकंदांचे असते, म्हणून १ मायक्रोसेकंद म्हणजे वाहकाचे ३·६ अंश होत. दाब शिखरावर असताना नमुना घेतला, तर १ मायक्रोसेकंदाच्या चुकीने त्याच्या मूल्यात केवळ ०·२ टक्के फरक पडतो आणि तोही दोन्ही संकेतांत सारखाच. नमुना २५ मायक्रोसेकंदांनी चुकला, तर तरंग शून्यावर सापडतो व हाती फक्त गोंगाट येतो. ५० मायक्रोसेकंदांनी चुकला, तर पुन्हा शिखरच सापडते, पण ते उलट्या चिन्हाचे. दोन्ही चिन्हे एकाच वेळी उलटल्याने कोन बरोबर १८० अंशांनी सरकतो. संकेत भक्कम असतात, गोंगाट नसतो, कोन घूर्णकाबरोबर सुरळीत बदलतो, मात्र तो खोटा असतो.

म्हणून उत्तेजनाची स्पंदमाला व नमुने घेण्याची आज्ञा ही दोन्ही एकाच कालमापकातून, किंवा एकाच क्षणी सुरू केलेल्या कालमापकांतून, निघाली पाहिजेत. दोन स्वतंत्र घड्याळांवर चालविल्यास नमुन्याचा क्षण वाहकावरून हळूहळू सरकत जातो. त्यामुळे संकेत ठरावीक काळाने मावळतो व उलट्या चिन्हाने पुन्हा उगवतो.

दोन्ही संकेतांचे नमुने एकाच क्षणी घेणेही महत्त्वाचे आहे. त्यासाठी परिवर्तकात दोन स्वतंत्र धारक मंडले असतात. एकच मंडल असल्यास एकामागून एक नमुने घ्यावे लागतात. त्यांत १ मायक्रोसेकंदाचे अंतर असेल व ते शिखरावर घेतले असतील, तर होणारी चूक सुमारे ०·०६ अंशापर्यंतच असते. तेच वाहकाच्या ४५ अंशांच्या उतारावर घेतल्यास दोन संकेतांत सुमारे ६ टक्के तफावत पडून कोन १·८ अंशांपर्यंत चुकतो.

शिखर प्रत्यक्षात कोठे येते, हे केवळ उत्तेजनाच्या कोष्टकावरून ठरत नाही. गाळणी, विवर्धक, तारा व स्वतः रिझॉल्व्हर यांमुळे कलांतर उत्पन्न होते. २० किलोहर्ट्झवर गाळण्यास सुरुवात करणारी साधी एक पायरीची गाळणीही १० किलोहर्ट्झच्या तरंगास सुमारे २६·६ अंश, म्हणजे ७·४ मायक्रोसेकंद, मागे टाकते. गुंडाळीतील तांब्याचा रोध दर सेल्सिअस अंशाला सुमारे ०·३९ टक्के वाढतो, म्हणून साधन तापल्यावर कलांतरही थोडे बदलते. यासाठी यंत्रणा प्रथम सुरू करताना नमुन्याचा क्षण आवर्तनभर थोडाथोडा सरकवीत नेऊन, दोन्ही संकेतांच्या वर्गांच्या बेरजेचे मूल्य महत्तम होईल तो क्षण निवडतात. अशा तपासणीत अर्ध्या आवर्तनाच्या अंतराने दोन महत्तम मूल्ये सापडतात. त्यांतील खरे कोणते, हे वर्गांची बेरीज सांगू शकत नाही, कारण वर्ग करताना चिन्ह पुसले जाते. ते उत्तेजनाशी प्रत्यक्ष तुलना करूनच ठरवावे लागते.

घूर्णक फिरत असताना त्याच्या गतीमुळेही एक लहानसा दाब उत्पन्न होतो. तो वाहकाच्या शिखरांशी काटकोनी कलांतर राखतो, म्हणजे वाहक शिखरावर असताना शून्य असतो. त्याचे प्रमाण दंडाच्या दर सेकंदाच्या फेऱ्या व वाहकाची कंप्रता यांच्या गुणोत्तराइतके असते. मिनिटाला १२,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २०० फेऱ्या झाल्या. १० किलोहर्ट्झच्या वाहकावर हे प्रमाण २ टक्के होते. नमुना शिखरापासून १० अंश ढळला असल्यास कोनात सुमारे ०·२ अंशाची चूक येते व ती वेगाबरोबर वाढते. शिखरावर नमुना घेण्याचे हे आणखी एक कारण आहे.

कोनाचे गणन : दोन नमुन्यांचा भागाकार करून त्याची व्यस्त स्पर्शज्या काढणे व चिन्हांवरून चतुर्थांश ठरविणे, ही सर्वांत सरळ रीत होय. तीत प्रत्येक नमुन्यातील गोंगाट कोनात जसाच्या तसा उतरतो. अनुसरण पद्धतीत नियंत्रक कोनाचा एक अंदाज ‘ब’ मनात धरतो. पहिल्या संकेताला कोज्या ब ने व दुसऱ्याला ज्या ब ने गुणून त्यांची वजाबाकी केल्यास ज्या (अ – ब) या राशीच्या प्रमाणातील चूक मिळते. ही चूक शून्य होईपर्यंत अंदाज सुधारीत राहतात. सुधारणेच्या वलयात दोन संकलक असल्यास स्थिर वेगाने फिरणाऱ्या घूर्णकाचा कोन मागे न पडता मिळतो आणि वेगही आयताच हाती येतो. वेग बदलत असताना मात्र त्वरणाच्या प्रमाणात थोडी चूक राहते. हे वलय चपळ केल्यास गोंगाट वाढतो व सुस्त केल्यास चूक वाढते. या दोहोंतील तडजोड यंत्राच्या स्वरूपानुसार करावी लागते. [⟶ सेवा यंत्रणा]

कोन मोजला गेल्याचा क्षण व तो वापरला जाण्याचा क्षण यांतील अंतरही हिशेबात घ्यावे लागते. मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या वेगात दंड १०० मायक्रोसेकंदांत ७·२ अंश फिरतो. ध्रुवांच्या चार जोड्या असल्यास हे २८·८ विद्युत् अंश होतात. म्हणून प्रत्येक कोनाबरोबर त्याची वेळ नोंदवून ठेवतात आणि वेगाच्या साहाय्याने तो वापराच्या क्षणापर्यंत पुढे नेतात.

सूक्ष्मनियंत्रकातील व्यवस्था : ही व्यवस्था तीन प्रकारे करतात. पहिल्या प्रकारात सर्वसाधारण कालमापक व परिवर्तक वापरून वर वर्णिलेले सर्व काम आज्ञावलीकडून करवून घेतात. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या सी २००० मालिकेतील नियंत्रकांवर ही रीत वापरली गेली आहे. प्रत्येक आवर्तनात धन व ऋण अशा दोन्ही शिखरांवर नमुने घेऊन त्यांच्या फरकाचा निम्मा घेतल्यास विवर्धकाच्या मध्य-पातळीतील चूक आपोआप वजा होते.

दुसऱ्या प्रकारात डेल्टा-सिग्मा परिवर्तक वापरतात. तो संकेताचे फार वेगाने ढोबळ नमुने घेऊन त्यांची सरासरी काढतो. इन्फिनिऑन कंपनीच्या एक्सएमसी ४४०० व ऑरिक्स या नियंत्रकांत अशा परिवर्तकांच्या जोडीला वाहकाची स्पंदमाला तयार करणारा विभागही असतो. वाहक ऋण असताना येणाऱ्या अंकांचे चिन्ह उलटवून त्यांचे ठरावीक काळापर्यंत संकलन केले जाते. एका क्षणाऐवजी पूर्ण अर्ध्या आवर्तनाची बेरीज होत असल्याने क्षणिक गोंगाट दबतो. चिन्ह उलटविण्याचा क्षण मात्र परत आलेल्या संकेतास जुळला पाहिजे, यासाठी विलंबाचे मूल्य रजिस्टरात भरावे लागते. ते चुकल्यास बेरजेचा काही भाग स्वतःलाच छेदतो, आणि विलंब पाव आवर्तनाच्या जवळ गेल्यास निष्कर्ष शून्यावर येतो. तिसऱ्या प्रकारात रूपांतराचे संपूर्ण मंडलच सूक्ष्मनियंत्रकात अंतर्भूत असते. रेनेसास कंपनीच्या आरएच ८५० कुळातील काही नियंत्रक या प्रकारचे आहेत.

प्रकार कोणताही असला, तरी मांडणीचा क्रम सारखाच असतो. प्रथम वाहकाची कंप्रता व इन्व्हर्टरची स्पंद-कंप्रता यांचे नाते ठरवितात. दोन्ही सारख्या किंवा पटीत ठेवल्यास शिखराचा क्षण इन्व्हर्टरच्या जोडतोडीपासून दूर, शांत वेळी आणता येतो. त्यानंतर उत्तेजन सुरू करून विवर्धकाच्या प्रदानाचा आकार तपासतात. मग आदान मंडलातील मध्य-पातळी व परमप्रसर पाहून शिखरे कापली जात नसल्याची खात्री करतात. त्यापुढे विलंब मोजून नमुन्याचा क्षण पक्का करतात. सर्वांत शेवटी चलित्राच्या एका गुंडाळीत स्थिर प्रवाह सोडून घूर्णक एका जागी खेचून धरतात, त्या वेळचा कोन शून्यबिंदू म्हणून नोंदवितात आणि चलित्र सावकाश फिरवून कोन अपेक्षित दिशेने वाढतो की नाही ते पाहतात. शून्यबिंदू आधी नोंदवून विलंब नंतर बदलणे धोक्याचे असते, कारण चिन्ह उलटल्यास नोंदविलेला शून्यबिंदू निरर्थक ठरतो.

दोष व त्यांची ओळख : दोन्ही संकेतांचे नमुने एकमेकांविरुद्ध आलेखावर मांडल्यास दंडाच्या एका फेऱ्यात वर्तुळ उमटावयास हवे. वर्तुळाचा मध्य सरकलेला असल्यास मध्य-पातळीत दोष असतो. एका संकेताच्या मध्य-पातळीत परमप्रसराच्या १ टक्का चूक असल्यास कोन फेऱ्यातून एकदा दोन्ही बाजूंना सुमारे ०·५७ अंशापर्यंत झुकतो. वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ उमटल्यास दोन विवर्धकांचे गुणक असमान असतात वा गुंडाळ्या नेमक्या काटकोनात नसतात. गुणकांतील १ टक्का तफावतीने कोन फेऱ्यातून दोनदा सुमारे ०·२९ अंशापर्यंत चुकतो. अशा चुका नियमित असल्याने त्या मोजून गणितात दुरुस्त करता येतात.

तार तुटणे, गुंडाळी जळणे किंवा उत्तेजन बंद पडणे यांमुळे संकेतांच्या वर्गांची बेरीज ढळते. नियंत्रक ही बेरीज प्रत्येक वेळी तपासतो व ती मर्यादेबाहेर गेल्यास चलित्राचा प्रवाह थांबवितो. परंतु काही दोष या तपासणीत मुळीच सापडत नाहीत. उत्तेजनाच्या दोन तारांची अदलाबदल झाल्यास कोन १८० अंशांनी सरकतो. एका प्रदान गुंडाळीच्या तारांची अदलाबदल झाल्यास किंवा दोन गुंडाळ्याच परस्परांच्या जागी जोडल्यास कोन उलट दिशेने वाढू लागतो. या सर्व प्रसंगी वर्गांची बेरीज अचूक असते आणि आलेखावर निर्दोष वर्तुळ उमटते.

कायम चुंबकी चलित्रात घूर्णन परिबल कोनातील चुकीच्या कोज्येच्या प्रमाणात घटते. ४ विद्युत् अंशांच्या चुकीने ते पाव टक्क्यानेही कमी होत नाही. ९० अंशांच्या चुकीने चलित्र पूर्ण प्रवाह घेऊनही जागचे हलत नाही आणि १८० अंशांच्या चुकीने ते पूर्ण जोराने उलट दिशेला ओढते. रिझॉल्व्हर एक आवर्तनाचा व ध्रुवांच्या जोड्या सम असल्यास १८० अंशांची चूक विद्युत् कोनात पूर्ण आवर्तनांइतकी होऊन झाकली जाते. जोड्या विषम असल्यास तीच चूक परिबल उलटविते. एका चलित्रावर निर्धोक ठरलेली जोडणी दुसऱ्यावर धोक्याची ठरू शकते ती यामुळे. म्हणून पहिली चाचणी नेहमी चलित्र भारापासून सोडवून व प्रवाहावर लहान मर्यादा घालून करतात. रस्त्यावरील वाहनांच्या विद्युत् यंत्रणांच्या कार्यसुरक्षेसाठी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या व २०१८ साली सुधारलेल्या आयएसओ २६२६२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा दोषांचा आधीच विचार करून त्यांची ओळख पटविण्याची तरतूद आराखड्यातच करावी लागते. त्यासाठी प्रवाह व दाब यांवरून काढलेल्या कोनाच्या अंदाजाशी रिझॉल्व्हरचा कोन ताडून पाहणे, हा एक उपाय आहे.

तुलना व उपयोग : प्रकाशीय एन्कोडरमध्ये काचेच्या वा पत्र्याच्या चकतीवरील रेषा मोजतात. त्याची अचूकता मोठी असली, तरी धूळ, तेल, हादरे व उष्णता त्याला सोसत नाहीत. रिझॉल्व्हरमध्ये तांबे, लोखंड व निरोधक यांखेरीज काहीच नसल्याने तो चलित्राच्या पोटातही टिकतो. वीज येताच फिरल्याविना तो आवर्तनातील कोन देऊ शकतो, हा त्याचा आणखी एक गुण होय. परिवर्तक १२ अंकस्थानांचा असल्यास कोनाची पायरी सुमारे ०·०८८ अंश असते. एवढी बारकाई चलित्राच्या नियंत्रणास सामान्यतः पुरते. विद्युत् व संकरित वाहने, यंत्रमानव, यांत्रिक हत्यारे, उद्वाहक, विमानांचे नियंत्रण पृष्ठ व तोफांचे मनोरे यांत रिझॉल्व्हर वापरतात. उत्तेजन, विवर्धन व गणन यांचा खर्च ही त्याची उणी बाजू आहे. सूक्ष्मनियंत्रकाने हा खर्च पुष्कळ कमी केला, पण पूर्वी स्वतंत्र मंडल जे काम आपोआप करीत असे, त्याची जबाबदारी आता आज्ञावली लिहिणाऱ्यावर आली आहे. वाहकाचे शिखर व नमुन्याचा क्षण यांचे नाते त्याने एकदा नीट बांधून दिले, म्हणजे हे साधन वर्षानुवर्षे विश्वासाने काम देते. [⟶ विद्युत् चलित्र]